पापड न वाळणारं छप्पर

शाळेची खोली चांगली का वाईट हे बघायचं असेल तर मे महिन्यात भर दुपारी जा आणि आतून छताला हात लावा. हात टेकवून ठेवता आला तर खोली चांगली. चटका बसला तर तिथं पोरं बसवू नका. रंग, फळा, भिंतीवरचे ससे आणि हत्ती, हे सगळं नंतर बघा.

आमच्या वस्तीतल्या शाळेच्या मोठ्या बाई, ढमाले बाई, मागे लागल्या म्हणून हे लिहितोय. त्या म्हणाल्या, "काका, दिवाळी अंकात सगळे साहेब लोक लिहितात. खोल्या बनवणाऱ्यानं कधी लिहिलंय का?" म्हटलं, माझी सातवी झाली तीपण ढकलत. त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलता तसं लिहा, शुद्धलेखन मी बघते." तेव्हा त्यात चूक निघाली तर ती बाईंची.

मी मूळचा जालन्याकडचा. वेल्डिंग भोसरीत शिकलो आणि हाडं झिजवली चाकणच्या एका शेडमध्ये. तिथं आम्ही केबिन बनवायचो. केबिन म्हणजे क्रेननं उचलून ट्रेलरवर ठेवता येते अशी खोली. कंपनीच्या गेटवर वॉचमन बसतो ती, किंवा साइटवर इंजिनिअर लोक चहा पितात ती. पुढे शाळांच्या ऑर्डरी यायला लागल्या. कुठं जुनी शाळा पाडली, कुठं शाळा रस्त्यात गेली, कुठं वस्ती आधी झाली आणि शाळेची कुणाला आठवणच नाही. पक्की इमारत व्हायला वर्षं जातात. तोवर पोरं काय लहानच राहतात का? मग आणा केबिन.

सुरुवातीच्या शाळेच्या केबिनी आम्ही वॉचमनच्या केबिनीसारख्याच केल्या. फक्त मोठ्या. ते काम चुकीचं होतं, पण तेव्हा कुणी विचारत नव्हतं. वॉचमनला गरम झालं तर तो बाहेर झाडाखाली खुर्ची टाकतो. पोरगं बाहेर गेलं तर बाई ओरडतात.

मग हा एनर्जी कोड आला. मला पहिल्यांदा वाटलं हा बल्ब आणि मीटरचा काहीतरी प्रकार असेल, वायरमन बघून घेईल. तसं नाही. इमारत उन्हात तापते, मग ती थंड करायला वीज लागते. त्यापेक्षा आधी तापूच देऊ नका, असा तो नियम. छपरातून आणि भिंतीतून ऊन किती आत येतं, खिडकीवर सावली आहे का, दाराला फटी किती, छपरावर पडलेलं ऊन परत किती फेकलं जातं, हे सगळं मोजायचं. आमच्या एवढ्याशा खोल्यांना त्याची सक्ती नव्हती. पण शाळांना खोल्या देणगी देणाऱ्या कंपन्यांनी अट घातली. कोडात बसली तरच खोली शाळेच्या ताब्यात. त्यासाठी त्यांच्या तपासणीवाल्या गायत्री मॅडम यायच्या.

कोडात बसणारी भिंत म्हणजे पुरणपोळी समजा. दोन बाजूंना पातळ पत्रा आणि मध्ये पिवळा फोम. ह्याला आम्ही पफ पॅनेल म्हणतो. तो फोम ऊन अडवतो. छपराला असंच पॅनेल, फक्त जाड, आणि त्यावर पांढरं कोटिंग. हे कोटिंग साध्या चुन्यासारखं दिसतं पण तसं नाही, त्यावर ऊन टिकत नाही, परत जातं. कोटिंगचं काम आमच्याकडे रफिकभाई करायचा. चिखलीत त्याचं छोटं दुकान आहे. आम्ही दोघांनी मिळून एवढी छपरं केली की आमचे गुडघे एकाच साली गेले.

गायत्री मॅडमची आणि माझी पहिली गाठ भांडणातच पडली. वयानं माझ्या पोरीएवढी. डोक्यावर हेल्मेट, हातात उष्णता दाखवणारा कॅमेरा. मी चांगलं जाड पॅनेल लावलं होतं, आणि ही म्हणते खोली नापास.

म्हटलं, "मॅडम, पॅनेल मोजून घ्या. एक सूत कमी निघालं तर नाव बदलीन."

ती म्हणाली, "पॅनेल बरोबर आहे काका. इकडे या. इथं हात ठेवा."

भिंतीवर ठेवला. गार. मग तिनं माझं मनगट धरून हात कोपऱ्यात सरकवला, जिथं आतून लोखंडी अँगल दिसत होता. मी हात झटकला.

"बाहेरचा पत्रा ह्या अँगलला टेकलाय," ती म्हणाली. "फोम कितीही जाड लावा, ऊन ह्या लोखंडातून आत येतंय." आणि कॅमेऱ्यात दाखवलं. सगळी भिंत निळी, आणि चारी कडांना लाल रेघा.

मी त्या दिवशी घुश्शात घरी आलो. सोजरला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "पुरण मधी भरलं आन् काठ कोरडा ठिवला, तर पोळीला नावं ठिवतील का पुरणाला?"

दुसऱ्या दिवसापासून मी अँगल आणि पत्रा यांच्यामध्ये रबराची पट्टी घालायला लागलो. आता सगळे घालतात. पोरगी बरोबर होती, मी चुकलो होतो. हे मी तिलाही सांगितलंय.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकाहून एक. चऱ्होलीकडे एका शाळेला दोन खोल्या दिल्या. तिथं शेताच्या जागी टॉवर उठलेत, आणि टॉवरात नवे मतदार. तिथल्या एका भाऊंना वाटलं, वरच्या मजल्यावरून लोक शाळेच्या छपराकडेच बघत असणार. त्यांनी आमच्या पांढऱ्या कोटिंगवर काळ्या ऑइलपेंटनं आपलं नाव लिहून घेतलं. अक्षरं एवढी की एका खोलीवर नाव आणि दुसरीवर आडनाव. परीक्षेच्या दिवसांत पोरं आडनावाच्या खोलीत बसायला तयार होईनात. आडनावात जोडाक्षर होतं, काळं जास्त.

आम्ही भाऊंना समजवायला गेलो. ते म्हणाले, "अरे राव, नाव नको तर मग मी केलं काय?" रफिकभाई एकदम शांतपणे म्हणाला, "भाऊ, नाव ठेवू की. पांढऱ्यावर पांढऱ्या रंगानं लिहितो. वरच्याला दिसेल." भाऊ हसले म्हणून आम्ही वाचलो. नाव शेवटी कंपाउंडच्या भिंतीवर गेलं.

आता आमच्या शाळेचं सांगतो, कारण खरं लिहायचं आहे ते हे.

आमची वस्ती चिखलीच्या आतल्या अंगाला. सगळे बाहेरून आलेले, मराठवाड्याचे, विदर्भाचे, थोडे उत्तरेकडचे. माणसं कंपनीत, बाया धुण्याभांड्याला किंवा पॅकिंगला. शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. मार्च लागला की पोरांचे घोळणे फुटायचे. नाकातून रक्त आलं की बाई त्याला मातीवर पाणी शिंपडून हुंगायला द्यायच्या आणि घरी पाठवायच्या. एका कंपनीनं तिथं आमच्या चार खोल्या द्यायचं ठरवलं तेव्हा मी मालकाला म्हटलं, हे काम माझ्या हातानं होऊ द्या. आमच्या घराच्या मागंच होतं ते. खोल्या बसल्या, मॅडमनी मोजल्या, पहिल्या फटक्यात पास. त्या वर्षी पोरं एप्रिलपर्यंत पूर्ण वेळ बसली. जुनी शेड बाजूला तशीच राहिली, सामान ठेवायला.

मे महिन्यात वस्तीतल्या बायकांनी त्या छपरांचा ताबा घेतला. त्याला कारण होतं. आमच्या चाळीशेजारी मोठी बिल्डिंग झाली आणि अंगणातलं ऊन गेलं. वाळवण घालायचं कुठं? शाळेला सुट्टी होती आणि खोल्यांना पाण्याच्या टाकीसाठी लोखंडी शिडी होती. बाईंनी हो म्हटलं, आणि निघाल्या सगळ्या पाट्या डोक्यावर घेऊन. पापड, कुरडया, सांडगे. खाली जुन्या साड्या अंथरायच्या, चार कोपऱ्यांना विटा.

दोन दिवसांत सगळ्या खाली उतरल्या. पापड वाळेनात. वरून ऊन, पण खालून गार. पापड म्हटलं की दोन्हीकडून तापावा लागतो. बायका गेल्या शेडच्या पत्र्यावर, तिथं सकाळी घातलेले दुपारी कडक. पांढऱ्या छपरावर राहिली एकटी सोजर.

संध्याकाळी मी घरी आलो की ती पाटी समोर ठेवायची.

"बघा तुमचं छप्पर. दोन दिस झाले, पापड मऊच. आसलं कसलं वो छप्पर करता?"

"सोजर, अगं वाळत नाही हेच तर त्याचं काम आहे."

"म्हंजी बिघाड झाला त्येलाच काम म्हनायचं का?"

मग मी तिला सांगायला बसायचो. ऊन कसं परत जातं, फोम काय करतो, रबराची पट्टी कुठं बसते. ती लाट्या करत ऐकायची, मधेच "आन् मग?" म्हणायची. मी म्हणायचो, एवढं वाळत नाही तर शेडवर जा की सगळ्या जातात तिथं. ती म्हणायची, "मला न्हाई जमत तिकडं." गुडघे दुखत असतील असं मी समजलो. शिडी दोन्हीकडे सारखीच होती, पण ते तेव्हा डोक्यात आलं नाही.

त्या पावसाळ्यानंतर तिला खोकला लागला. थंडीत ताप आला. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा म्हणाले, छातीत पाणी झालंय. पौषात गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तिच्यामागं मी कामावर जाणं बंद केलं. मालकानं बोलावलं नाही आणि मी गेलो नाही. मग उन्हाळ्यात रफिकभाई घरी आला. दारातच उभा राहून म्हणाला, "चल. आपल्या खोल्या उचलायच्यात."

शाळेची जागा रस्त्यात गेली होती. चारही खोल्या वस्तीच्या दुसऱ्या अंगाला न्यायच्या होत्या, शेडही उचलून तिकडंच. आणि कंपनीची अट अशी की केबिन हलवली की परत मोजायची. क्रेननं उचलताना सांधे हलतात, सील फाटतं, त्यामुळे अट बरोबर आहे. शाळा उघडायच्या आत पास झाली तर पोरं खोल्यांत. नाही झाली तर शेडमध्ये, आणि शाळा उघडल्यावर मोजायला कुणी परत कधी येईल ते सांगता येत नाही. बाई रोज येऊन विचारायच्या, "काका, होईल ना? पालक विचारतात. शेडमध्ये परत पाठवायचं म्हटलं तर निम्म्या मुली घरीच ठेवतील." आधीच्या शेडच्या वर्षांत तसं झालं होतं. पोरगी चक्कर येऊन पडली की आया तिला परत पाठवत नाहीत.

मी आणि रफिकभाईनं सगळे सांधे तपासले. फाटलेलं सील काढून नवीन भरलं. दारं घासत होती ती बसवली. मला खात्री होती.

गायत्री मॅडम आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "काका, काकूंचं कळलं." मी मान हलवली. भिंती पास, दारं पास, खिडक्या पास. कॅमेऱ्यात कुठं लाल रेघ नाही. मग त्या छपरावर चढल्या. मागून मी, माझ्यामागं रफिकभाई.

तीन छपरं नुसती धुळीनं मळली होती, फडक्यानं पुसली की पांढरी. चौथ्यावर गोल होते. ओळीनं. वाटीच्या तोंडाएवढे, करडे. पापडाचं तेल साडीतून झिरपून कोटिंगमध्ये गेलं होतं आणि त्यावर वर्षभराची धूळ बसून घट्ट झाली होती. टाकीची सावली पडायची तिथं ओळ वाकडी झाली होती, कारण सावली सोडून घातलेले.

मॅडमनी ऊन किती परत जातं ते मोजायचं यंत्र गोलांवर ठेवलं, परत मोकळ्या जागी ठेवलं, परत गोलांवर. "हे काय आहे?"

"पापड," मी म्हटलं.

त्या हसल्या. "पापड? कुणाचे?"

रफिकभाई म्हणाला, "भाभीचे."

त्या हसायच्या थांबल्या. यंत्राचा आकडा त्यांनी परत एकदा बघितला. मग म्हणाल्या, "इथं रीडिंग कमी येतंय काका. धुऊन बघू."

रफिकभाईनं साबण घेतला, ब्रश घेतला. घासून घासून वरची धूळ गेली, गोल राहिले. तेल आत मुरलं होतं. परत मोजलं. परत नापास.

मी म्हटलं, "मॅडम, मधली जागा चांगली आहे. गोल सोडून मोजा ना."

"काका, ऊन गोल सोडून पडत नाही."

ही पोरगी मला कधी खोटं बोललेली नाही. ती खाली उतरताना म्हणाली, "बाकीच्या तीन खोल्यांचा पास मी आज देते. ही एक मागं ठेवू. तुम्हाला वाटलं तर वरून परत कोटिंग..." आणि थांबली.

खाली ढमाले बाई उभ्या होत्या. त्यांनी वरचं सगळं ऐकलं होतं. फक्त म्हणाल्या, "चौथी खोली पहिलीच्या वर्गाची आहे."

पहिलीची पोरं म्हणजे बारकी. तीच सगळ्यात आधी मान टाकतात.

म्हटलं, "मॅडम, परवा या."

दुसऱ्या दिवशी सकाळी रफिकभाई डबा आणि रोलर घेऊन आला. तो चढायला लागला तर मी त्याला म्हटलं, तू खाली थांब, मला कालवून दे. तो म्हणाला, "तुझे गुडघे." म्हटलं, तुझे तरी कुठं शाबूत आहेत. मग त्यानं कालवून दिलं आणि शिडीच्या मधल्या पायरीवर बसून राहिला.

मी लांबच्या कडेपासून सुरुवात केली, शिडीकडे यायचं म्हणून. कोटिंग मारताना उलटं यावं लागतं, नाहीतर आपणच अडकतो. पहिला हात मारला तरी गोल दिसत होते. फिके, पण दिसत होते. वाळायला वेळ लागतो तेवढा मी टाकीच्या सावलीत बसलो. रफिकभाईनं वर चहा दिला. तो एवढंच म्हणाला, "एका रांगेत जास्त आहेत."

मी बघितलं. शेवटच्या ओळीत होते जास्त. पीठ उरलं असेल.

दुसरा हात मारला. गोल गेले.

मॅडम आल्या, मोजलं, पास. त्यांनी तिथंच सही करून कागद बाईंकडे दिला. मग मला म्हणाल्या, "काका, एखादा कोपरा सोडायचा होता, चाललं असतं." म्हटलं, नसतं चाललं, तुम्हालाही माहीत आहे. त्या हो म्हणाल्या.

शाळा उघडली तेव्हा पहिलीची पोरं चौथ्या खोलीत बसली. मी त्या दिवशी गेलो नाही. बाईंनी निरोप दिला होता, पण नाही गेलो.

मात्र त्याच्या आधीची, कोटिंग वाळल्यानंतरची एक गोष्ट राहिली. मी शिडीला कुलूप घालत होतो. एवढ्यात शेजारची सुभद्रा आली, डोक्यावर पाटी, हातात जुनी साडी. सोजरबरोबर तिची रोजची उठबस होती.

"भाऊ, कुलूप कशाला? मला आज पापड घालायचेत. शेडवर जागा न्हाई, तिकडं समद्यांनी भरून टाकलंय."

म्हटलं, "ह्या छपरावर पापड वाळत नाही."

"म्हाईत हाय. सोजरताईबी आसंच म्हनायची."

"म्हणायची, तरी घालायची इथंच. तुम्ही सगळ्या शेडवर गेलात, ही का गेली नाही?"

सुभद्रानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी आत्ता गावाहून आलोय.

"भाऊ, तुमी घरी आले की त्वांड उघडायचे न्हाई. जेवले की झोपले. एक त्या छपराचं नाव काढलं की बोलायचे, चांगलं घंटाभर. ताई मला म्हनली, पापड दोन दिस मऊ ऱ्हायले तर ऱ्हाऊ दे, मानूस दोन दिस बोलतंय."

मी कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली. सुभद्रा पाटी डोक्यावर घेऊन तशीच उभी होती.

म्हटलं, "हे छप्पर साधं नाही. दोन पत्र्यांच्या मधी फोम असतो, पिवळा. त्यावर हे पांढरं दिसतंय ना, ते कोटिंग. त्यावर ऊन पडलं की परत जातं. आता कडेला बघ, तिथं लोखंडाला रबराची पट्टी लावलीय. ती कशाला, तर..."

सुभद्रानं ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मधे एकदा "आन् मग?" पण म्हणाली. मग पाटी एका हातानं सावरून म्हणाली, "भाऊ, ऊन चाललंय."